सदाफुलीचं रान

ठकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बाईंच्या बागेतलं कुठलं झाड कुठल्या देशाहून आलं, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. झेंडू मेक्सिकोचा, शेवंती चीनची, गुलबाक्षी पेरू देशाची, बोगनवेल ब्राझीलची. प्रत्येक वाफ्यापुढे बाईंनी पत्र्याची एक पाटी रोवली होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव नि देश लिहिला होता. पाटीला पडलेला पोचा आणि गंजलेला कोपरा बघून ठकी ती ओळखायची.

किन्हवलीहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला, ओढ्याच्या अलीकडे ही बाग होती. बाई कल्याणच्या एका कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर फ्लॅट विकून त्या इथं एकट्या येऊन राहिल्या. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत एकही दिवस बागेत फूल नाही असा जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. तो हट्ट ठकीच्या हातांनी पुरा व्हायचा. ती कामाला लागली तेव्हा रविना पोटात होती. पोरगी आणि बाग एकदमच वाढल्या.

श्रावणात तेरडा आणि कर्दळ. भाद्रपदात गुलबाक्षी, ऊन उतरल्याशिवाय डोळे न उघडणारी. दसऱ्याला झेंडू. थंडी पडली की शेवंती, आणि बशीएवढे डेलिया, तेही मेक्सिकोचेच, ज्यांना काठीचा आधार दिला नाही तर ते स्वतःच्याच ओझ्यानं मान टाकायचे. शिमग्याच्या सुमाराला देवचाफा पान नसलेल्या फांदीवर फुलायचा. मग वैशाखात मोगरा, बोगनवेल आणि फाटकापाशी गुलमोहर. एक संपायच्या आत दुसरं सुरू झालं पाहिजे, म्हणून ठकी दोन-दोन महिने आधी रोपं टाकायची.

“बाई, मंग यातला आपला कोन?” एकदा निंदता निंदता तिनं विचारलं.

“तेरडा आपला. मोगरा, अबोली, कोरांटी आपली. पारिजातक.”

“येवढीच?”

“एवढीच.”

“म्हंजे आमच्या वाडीसारखंच झालं म्हना. रान आमचा नि प्लाट भायेरच्यांचे.”

बाई आधी हसल्या, मग जवळच्या पाटीवरची माती पुसायला लागल्या.

ठकीची वाडी ओढ्यापलीकडच्या टेपाडावर. तीस-बत्तीस घरं ठाकर आदिवासींची. संध्याकाळी ती परतली की पाण्याच्या टाकीवर शेजारची रंगू हमखास डिवचायची.

“काय गो ठके, आज कंच्या देशात निंदनी केलीस?”

“मेक्सिकोत.”

“मंग येताना तिथल्या चिंबोऱ्या तरी आनायच्या. माझ्या घरात कालवनाला काय नाय.”

ठकीचा नवरा शाम कसाऱ्याकडे रस्त्याच्या कामावर जायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. घर चालायचं ते बागेवर. आणि घरात बोलणं चालायचं ते रविनाचं. सातवीतली पोरगी, शाळा सुटली की थेट बागेत. पाट्या मोठ्यानं वाचायची, आईला चुकीचा देश सांगून फसवायची. “आये, ही शेवंती शहापूरची.” ठकी ओली माती तिच्या अंगावर फेकायची.

ठकीचा बाप बुधू वैदू होता. मोडलेलं हाड, कावीळ, विंचूकाटा, बाळंतिणीचं दूध, सगळ्याला त्याच्याकडे पाला होता. पाला आणायची त्याची रीत ठरलेली. आदल्या सांजेला झाडाच्या बुडाशी तांदळाचे दाणे ठेवायचे. झाडाला त्याच्या रानाचं नाव घेऊन हाक मारायची, ‘अमक्या रानातल्या बाये, उद्या माझ्या घरी चल, माझ्या माणसाला उठव.’ पहाटे कुणाशी न बोलता जायचं, नखानं खुडायचं, लोखंड लावायचं नाही. आणि पाल्याचं नाव कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण गेला. धाकटी असताना ठकी त्याच्यामागून डोंगर चढायची. तिला त्यानं विद्या अशी दिली नाही. पोरींना देत नसत. एक मात्र तो पुनःपुन्हा सांगायचा. “ज्याचा रान ठावा नाय, त्या पाल्याला हात लावायचा नाय.”

बुधू मरून नऊ वर्षं झाली होती.

गेल्या नवरात्रात झेंडू ऐन भरात असताना रविनाच्या पायांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. ठकीला वाटलं, झाडावरून पडली असेल नि सांगत नाही. मग दात घासताना रक्त यायला लागलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोरगी माळा ओवता ओवता झेंडूच्या ढिगावरच निजली. बाईंनी कपाळाला हात लावला, गाडी काढली आणि तिला शहापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं रक्ताचा कागद बघितला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं.

मुंबईची डॉक्टरीण तरुण होती, पस्तिशीच्या आतली. तिनं ठकी आणि शामला समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं, हा रक्ताचा कॅन्सर आहे. शाम टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. डॉक्टरीण म्हणाली, “ऐका. लहान मुलांमधला हा आजार बरा होतो. दहातली आठ मुलं बरी होतात. पण औषध अडीच वर्षं चालतं. मी सांगेन ते सगळं करायचं, आणि मी सांगितलं नाही ते काहीही करायचं नाही.”

“दोन पोरं नाय होत बरी,” शाम म्हणाला.

“आपण आठांत जायचं,” डॉक्टरीण म्हणाली.

ठकीनं ते वाक्य गाठ मारून ठेवलं. सव्वा महिना ती हॉस्पिटलात रविनाच्या पलंगाखाली चटई टाकून राहिली. गोळ्यांनी पोरीचा चेहरा फुगला, केस उशीवर राहिले. दर आठवड्याला तिला एक इंजेक्शन मिळायचं. पाण्यासारखं, एवढंसं. ते दिलं की डॉक्टरीण खूश दिसायची, म्हणून ठकीचाही त्याच्यावर जीव बसला. महिना संपला तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, रक्तात आता आजार दिसत नाही. तरीही औषध थांबवायचं नाही, आजार लपून बसतो. घरी जा, ठरल्या दिवशी या, ताप आला तर त्याच दिवशी या.

मार्गशीर्षात मायलेकी घरी आल्या. बागेत शेवंती फुलली होती. बाईंनी दुसरी बाई लावून रोपं जगवली होती, पण डेलियांना काठ्या कुणी दिल्या नव्हत्या. ठकीनं दोन दिवसांत सगळं सरळ केलं. डोक्याला रुमाल बांधून रविना पायरीवर बसायची आणि तिथूनच हुकूम सोडायची. “आये, तुझा मेक्सिको वाकडा लागला.”

एका दुपारी बाई हॉस्पिटलची फाइल चाळत होत्या. एका नावापाशी त्यांचं बोट थांबलं.

“ठकी, इकडे ये. हे आठवड्याचं इंजेक्शन आहे ना, ते कशापासून करतात ठाऊक आहे?” त्यांनी कुंपणाकडे हात केला. “त्या सदाफुलीपासून.”

ठकीनं वळून बघितलं. कुंपणाला लागून दूरवर गेलेली, गुलाबी नि पांढरी, कुणी न लावता वाढलेली सदाफुली. बागेत तेवढीच एक होती जिला पाटी नव्हती. बारा महिने फुलते म्हणून तिचं कुणाला अप्रूप नव्हतं. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, म्हणून बाहेरच्या बाजूला राहू दिलेली.

“ही? ही आपली भिकारडी?”

“हीच. टनभर पाला घ्यावा तेव्हा चिमूटभर औषध निघतं. बघ, तू हिला रोज पाणी घालतेस आणि ही तिकडे तुझ्या मुलीला बरं करते आहे.”

बाईंचे डोळे भरून आले होते. खचलेल्या बाईला चार शब्दांचा आधार द्यावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. ठकीला तो आधार वाटलाही. त्या दिवशी तिनं सदाफुलीच्या बुडातलं गवत हातानं काढलं.

माघात हॉस्पिटलातून पहिल्यांदा इंजेक्शन न देता मायलेकींना परत पाठवलं. “काउंट कमी आहेत,” डॉक्टरीण म्हणाली, “रक्तातल्या पेशी कमी झाल्यात. औषधाचा ताण येतो कधीकधी. आठवडाभर थांबू, गोळ्याही बंद ठेवा, पेशी वर आल्या की पुढचं देऊ.” पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पेशी थोड्या वाढल्या होत्या, पुरेशा नाहीत. आता आणखी पंधरा दिवस थांबायचं.

परतताना आसनगावला उतरून शहापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत दोघी बसल्या. ठकीच्या डोक्यात एकच घोळत होतं. आजार लपून बसलाय, आणि औषध बंद आहे. दोन आठवडे बंद आहे. डॉक्टरीण चांगली, पण तिच्याकडं पोरं किती! तिला एका रविनाचं काय. मरणाऱ्या दोनांत आपली गेली तर तिच्या आठांचा हिशेब चुकणार थोडाच.

आणि औषध तर दारात उभं होतं.

बापाचं सांगणं आडवं येत होतं. सदाफुलीचं रान तिला ठाऊक नव्हतं. दोन दिवस ती तशीच कुढत राहिली. तिसऱ्या दिवशी आळ्यांना पाणी घालताना तिनं सहज विचारावं तसं विचारलं, “बाई, त्या सदाफुलीला पाटी नाय ती. ती कुठली?”

बाई खुलल्या. शिकवायची सवय जात नाही. “मादागास्कर. आफ्रिकेच्या शेजारी समुद्रात एक मोठं बेट आहे. आपला फाटकावरचा गुलमोहर तिथलाच. तिथं फार घनदाट रान होतं, आता बरंच तोडलंय. तिथले लोकही पूर्वी सदाफुलीचं औषध करायचे, बरं का.”

“त्यांच्यातले वैदू?”

“हो, वैदूच.”

“काय म्हनालात नाव? हळू सांगा.”

“मा-दा-गास-कर.”

दिवसभर ठकी ते नाव तोंडात घोळवत होती. जीभ अडायची तिथं पुन्हा सुरुवात करायची. बाईंना वाटलं, आता हिला सदाफुलीसाठीही पाटी हवी. त्यांनी पत्रा शोधून ठेवला.

त्याच सांजेला कामावरून निघताना ठकीनं कुंपणाबाहेर पहिल्या झाडाच्या बुडाशी तांदळाचे पाच दाणे ठेवले. हात जोडले. “मादागास्करच्या रानातल्या बाये,” ती म्हणाली, आणि नाव न अडखळता आलं याचं तिला बरं वाटलं, “उद्या माझ्या घरी चल. माझ्या पोरीला उठव.” रान ठाऊक झालं होतं. तिथल्या वैदूंचा दाखला होता. मुंबईच्या डॉक्टरांचा होता, बाईंच्या पुस्तकांचा होता. टनाला चिमूट निघते, तर मूठभर पाल्यात असून असून किती असणार. जास्त व्हायची भीती नव्हतीच, कमीच पडायचं.

पहाटे तिनं नखानं पाला खुडला आणि घरी वाटून त्याचा रस काढला. रविनानं वाटीतला पहिला घोट तोंडातून बाहेर काढला.

“कसला गो आये हा? नुसता कडू जहर.”

“पी. विचारायचा नाय.”

“बाबाला सांगंन.”

“कुनाला सांगायचा नाय, माझे बाय. सांगितला तर गुन जातो. बाबाला नाय, बाईंना नाय, डॉक्टरनीला पन नाय. शपथ घे.”

रविनानं गळ्याला चिमटा घेतला. नाक दाबून तिनं वाटी रिकामी केली आणि जीभ बाहेर काढून आईला दाखवली.

पहिले चार दिवस पोरगी बरी दिसली. एकदा टाकीपर्यंत चालत गेली. रंगू म्हणाली, “गालावर रंग आला गो हिच्या.” ठकीनं त्या रात्री शामला फोन करून सांगितलं, पोरगी हसली आज. पुढं तिचं पोट दुखायला लागलं, चार-चार दिवस साफ होईना. बोटांना मुंग्या येतात म्हणाली. तोंडात फोड आले, भाताची पेजही झोंबायला लागली. हे सगळं इंजेक्शन चालू असतानाही थोडंथोडं झालं होतं. ठकीला उलट धीर आला. तेच औषध आहे, तसंच लागू पडतंय.

हॉस्पिटलचा दिवस आला. डॉक्टरिणीनं कागद दोनदा वाचला. मग तिनं खुर्ची पुढं ओढली.

“पेशी वाढायला हव्या होत्या. ह्या तर खाली गेल्यात. पहिल्यापेक्षा खाली. ठकीबाई, घरी काही देताय का हिला? काढा, झाडपाला, कुणी सांगितलेलं काही? मी रागावणार नाही. फक्त खरं सांगा.”

“नाय,” ठकी म्हणाली.

डॉक्टरीण रविनाकडे वळली. “बाळा, तू सांग. आई काही प्यायला देते?”

रविनानं आईकडे बघितलं. तिच्या ओठांच्या कडा फुटल्या होत्या. “काही नाही, मॅडम,” ती शाळेतल्या भाषेत म्हणाली. “फक्त पेज.”

ठकीला त्या क्षणी पोरीचा अभिमान वाटला.

डॉक्टरीण म्हणाली, पुढच्या बुधवारी हाडातला मगज काढून तपासू. तोवर जपा. ताप आला तर एक तासही थांबू नका. बाहेर आल्यावर ठकीनं मनाशी ठरवलं, बुधवारपर्यंत पेशी वर आणायच्या. पाल्याची एक वाटी होती, तिच्या तिनं दोन केल्या.

शिमग्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या भाकरीच्या वेळी, रविना थंडीनं कुडकुडायला लागली. पोरं होळीसाठी लाकडं ओढत ओरडत चालली होती. तिनं गोधडीतून हात बाहेर काढून दार लोटून घेतलं. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. ठकीनं तिला पाठीवर घेतलं आणि ओढा ओलांडून बागेत आणलं. बाईंनी गाडी काढली. शहापूरला सलाइन लावून तिथून ॲम्ब्युलन्सनं मुंबईला नेलं. हॉस्पिटलच्या फाटकात शिरेपर्यंत पोरीची शुद्ध ये-जा करत होती.

चार दिवस ती काचेच्या खोलीत होती. शाम कसाऱ्याहून आला, अंगावर कामाचाच शर्ट, डांबराचे डाग पडलेला. डॉक्टरीण दिवसातून चारदा येऊन बघायची. रक्तात जंतू शिरलेत, म्हणाली, आणि लढायला पेशीच नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनं ठकीला एकटीला बाजूला घेतलं. डोळे तांबडे झाले होते तिचे. “मला अजूनही कळत नाही पेशी इतक्या का पडल्या. काही असेल तर आता तरी सांगा. त्यावर उपाय बदलता येईल.”

ठकीच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण काचेपलीकडे रविनाची छाती अजून वर-खाली होत होती. म्हणजे पाला अजून धरून होता. आता नाव उच्चारलं आणि गुण गेला, तर पोरीला धरून ठेवायला काय उरलं असतं? तिनं पदर तोंडात कोंबला आणि मान हलवली, नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला रविना गेली.

वाडीनं ठकीला शब्दानं दुखवलं नाही. रंगूनं दहा दिवस तिच्या घरची चूल सांभाळली. सगळे म्हणाले, मोठा आजार, मोठा डॉक्टर, जे करायचं ते केलं, पोरीचं आयुष्य तेवढंच. शामही तेच म्हणाला आणि कामावर गेला. ठकीनंही ते धरून ठेवायचा प्रयत्न केला. पाला द्यायला आपल्याला उशीर झाला, पहिल्या महिन्यातच सुरू केला असता तर, एवढीच तिला टोचणी होती.

चैत्र सरताना ती बागेत परत आली. देवचाफा फुलून खाली सडा पडला होता. तिनं तो झाडला, मोगऱ्याची आळी भरली, वाळकी शेवंती उपटून टाकली. बाई तिच्याबरोबर कुंपणापर्यंत आल्या आणि थांबल्या.

“अगं, ही सदाफुली कुणी ओरबाडली?” रांगेतली निम्म्याहून जास्त झाडं नुसत्या काड्या होऊन उभी होती. “शेळ्या शिरल्या की काय? पण शेळ्या ह्याला तोंड लावत नाहीत. केवढं विषारी असतं ते.”

“इखारी?”

“भयंकर. इंजेक्शनसाठी सुद्धा किती शुद्ध करून, अगदी थेंबांत मोजून देतात. चुकून पोटात गेलं तर—”

बाई बोलायच्या थांबल्या. ठकीच्या हातातलं खुरपं खाली पडलं होतं. ती वाकून ते उचलत नव्हती. बाईंनी काड्यांच्या बुडाशी बघितलं; पावसाचा थेंब पडला नव्हता, मुंग्यांनी नेऊन उरलेले तांदळाचे दाणे मातीत तसेच होते. मग त्यांनी ठकीच्या हातांकडे बघितलं. त्या तिथंच बांधावर बसल्या, आणि ठकी उभीच राहिली.

बाप नुसतं रानाचं नाव विचारत नसे. ते त्या उन्हात ठकीला आठवलं. रान ठाऊक असणं म्हणजे त्या रानात शेळी कशाला तोंड लावते, माकड कुठलं फळ सोडून देतं, पहिल्या पावसात कशाच्या मुळाला कीड लागत नाही, हे दहा-वीस वर्षं चालून बघितलेलं असणं. ती त्याच्यामागून चालली होती. शेळीनं काय सोडलं, हे त्यानं तिला शंभरदा दाखवलं होतं. बारा वर्षं ती सदाफुली तिच्या डोळ्यांपुढं होती, आणि त्या सगळ्या वर्षांत एकाही शेळीनं तिचं पान तोडलं नव्हतं. बापाला एवढं पुरलं असतं.

तिला एक गोष्ट कळायला हवी होती. तेवढीच. तिच्याशिवाय ना भात गिळत होता, ना डोळा लागत होता. वैशाखातल्या एका सोमवारी, बाईंना किंवा शामला न सांगता, ती एकटी मुंबईला गेली.

डॉक्टरिणीनं तिला ओळखलं आणि खुर्ची दिली. ठकीनं सगळं सांगितलं. झाडाचं नाव, वाट्या, दिवस. औषध म्हणून ते नाव पहिल्यांदाच तिच्या तोंडून माणसापुढं निघालं होतं. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, “मीच मारली का तिला?”

डॉक्टरीण बराच वेळ टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून राग सरकून गेला, ठकीला तो दिसला. मग तोही राहिला नाही.

“पेशी आधीच कमी होत्या,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्ही काही देत नव्हता. जंतुसंसर्ग एरवीही होतो. ह्याच वॉर्डात काही न देता गेलेली मुलं आहेत. आणि त्या पाल्यानं पेशी आणखी पाडल्या असतील, हेही खरं. किती, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही.”

“म्हंजे हो का नाय?”

“मला माहीत नाही, ठकीबाई.”

“तुमी मशीनमध्ये बघा ना. रक्त हाय तुमच्याकडं तिचा.”

“नाही आता.”

ठकी आणखी थोडा वेळ बसली. हो म्हटलं असतं तर तिनं ते घेतलं असतं. त्याचं काय करायचं हे तिनं गाडीत ठरवूनही ठेवलं होतं. नाही म्हटलं असतं तर रंगूचं, शामचं, वाडीचं म्हणणं तिलाही म्हणता आलं असतं. बाहेर पोरं ताटकळली होती. ती उठली.

बाहेरच्या बाकावर ती टेकली. शेजारी एक बाई होती, तिच्याच वयाची, नेसण्यावरून जव्हारकडची वाटत होती. मांडीवर डोक्याला रुमाल बांधलेला मुलगा झोपला होता.

“तुमचा पेशंट कुठल्या वॉर्डात?” बाईनं विचारलं.

ठकीनं वॉर्डाचा नंबर सांगितला.

“मुलगा का मुलगी?”

“मुलगी. बारा वर्सांची.”

“आमचा हा आठ वर्षांचा. चार महिने झाले. आज पन इंजेक्शन दिला नाय, पेशी कमी आहेत म्हनतात.” बाईनं मुलाच्या कपाळावरचा घाम पुसला. “तुमच्या मुलीला लागू पडतो का औषध?”

ठकीनं तिच्याकडे बघितलं. मग तिनं बाईचं मनगट धरलं, घट्ट.

“डॉक्टरनीला सगळा सांग गो. घरी काय देशील, कोन काय सांगंल, काय पाजशील, सगळा. काय लपवू नको. ऐक माझा.”

बाईनं हळूच मनगट सोडवून घेतलं. पायांशी ठेवलेली कापडी पिशवी तिनं बाकाखाली आत सरकवली, तिच्यावर पदर ओढला, आणि दुसरीकडे बघत म्हणाली, “आमी कुठं काय देतो.”